चिंधी पाण्याला गेली

खरं सांगायचं तर मास्तर हे लिहिणारच नव्हता. दोनदा फोनवर टाइप केलं, दोनदा पुसलं. दुसऱ्या वेळी तर पाऊण पान झालं होतं, तेवढ्यात दाराशी दादाची पावलं वाजली आणि याच्या अंगठ्यानं आपोआप सगळं उडवून टाकलं. जणू चोरी यानंच केली होती.

मास्तर म्हणजे म्हणायला मास्तर. वय बावीस, मिशी अजून विचार करतेय, यावं की नको. पूर ओसरल्यावर लहान मुलांच्या वर्गाच्या बाई माहेरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मग गावानं बघितलं, बारावी झालेला आणि रिकामा कोण आहे. हा सापडला. अकरा मुलं, एक खोली, आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ. पोरं उभी राहिली तरी सगळीच्या सगळी त्या रेघेच्या खाली. पहिल्या दिवशी मास्तरला वाटलं, ही अजून पाण्यातच आहेत.

वरच्या ऑफिसातल्या ताई एकदाच येऊन गेल्या. एक वही दिली. म्हणाल्या, "शिकवायच्या फार मागं लागू नका. बघा. कोण कधी काय करायला लागलं, ते तारखेनिशी लिहा. मूल रोज बदलत असतं, आपण बघत नाही एवढंच."

मास्तर बघायला लागला. दुसरं येतंय काय त्याला.

ताईंनीच एक खेळ सांगून ठेवला होता. एक लाल डबा, एक निळा डबा, एक खडा आणि एक चिंध्यांची बाहुली. तिचं नाव पोरांनीच ठेवलं, चिंधी. चिंधी लाल डब्यात खडा ठेवते आणि पाण्याला जाते, म्हणजे दाराबाहेर. ती नसताना मास्तर खडा उचलून निळ्या डब्यात टाकतो. मग सगळी ओरडतात, "चिंधी आली!" आता सांग, चिंधी खडा कुठं शोधेल?

खुळ्यालाही येईल असं वाटतं. पण साडेतीन वर्षांचं पोर बेधडक निळ्यावर बोट ठेवतं. खडा निळ्यात आहे ना, मग चिंधी निळ्यातच बघणार. आपल्याला ठाऊक ते चिंधीला ठाऊक नाही, हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही. त्याच्या लेखी सगळ्या जगाचं मिळून एकच डोकं. आणि मग एक दिवस, चौथ्या वर्षाच्या जरा मागंपुढं, तेच पोर हात निळ्याकडे नेतं, थांबतं, आणि लालवर ठेवतं.

मास्तरनं हे पहिल्यांदा बघितलं ते गवंड्याच्या मुलीत. सोमवारी निळा म्हणाली, गुरुवारी लाल. लालवर बोट ठेवलं आणि मान वर करून तिनं मास्तरकडे बघितलं. इतके दिवस ती त्याचा शर्ट बघायची, नाक बघायची. आता ती आत बघत होती. ह्या माणसाच्या आतही कुणीतरी बसलंय, आणि त्याला सगळं ठाऊक नाही, हे तिला नुकतंच कळलं होतं. वहीत मास्तरनं तारीख घातली आणि लिहिलं, "ओलांडलं." दुसरा शब्द सुचला नाही.

घरी निराळीच शाळा. नदीनं जाताना रानात गुडघाभर गाळ टाकला होता. ओला असताना पाय ओढून घेणारा, वाळला की दगड. दादा फावड्यानं तोडायचा, वहिनी पाटीत भरायची, मास्तर शाळेच्या आधी दोन तास आणि नंतर अंधार पडेपर्यंत डोक्यावरून वाहायचा. दादाच्या तळहातांच्या भेगांत गाळ बसून काळ्या रेघा उमटल्या होत्या, साबणानं जात नव्हत्या. वहिनीची कंबर एका अंगाला कलली होती ती सरळच होईना.

आणि पालथ्या पाटीवर बसलेली त्यांची पोर. चार वर्षांना दोन महिने कमी. तिला सगळा गाव रेडिओ म्हणायचा. सकाळी डोळा उघडला की जे चालू व्हायची ते झोपेतच बंद. एकदा तिचा मामा चार दिवस राहायला आला, तर तिसऱ्याच दिवशी जेवताना तिनं सांगून टाकलं, "मामा, आई म्हणते हा कधी जाणार." मामानं हात धुतले आणि जी पिशवी उचलली ती उचललीच. वहिनी महिनाभर भावाला फोन करत होती. रेडिओ मास्तरच्याच वर्गात होती, आणि डब्यांच्या खेळात दर आठवड्याला छाती पुढं काढून सांगायची, "निळा!"

शेजारचं रान आबांचं. दोन्ही रानांच्या मध्ये हद्दीचे तीन दगड होते. दोन नदीनं नेले, तिसरा गाळाखाली कुठंतरी. बांध गेला, बांधावरचं झाड गेलं, कागदावर नुसतं 'दगडापासून दगडापर्यंत' एवढंच लिहिलेलं. मोजणीदार येणार होता. दगड जिथं सापडेल तिथून तो हद्द धरणार.

म्हणून आबा रोज पहार घेऊन यायचे. सत्तरी उलटलेला माणूस, पाय काडीसारखे. पहार दोन्ही हातांनी उचलायची, गाळात सोडायची, कान देऊन ऐकायचं. ठप्. एक वीत सरकायचं. ठप्. दगडाला लागली तर ठण्ण वाजेल. दिवसभर ते ठप् ठप् रानावर चालू असायचं.

"आबा, बसा की जरा," मास्तर म्हणायचा.

"बसून काय करू? माझ्या बापानं बसवलेला दगड आहे. इथंच आहे. डोळे बांधून चालत आलो तरी इथंच येऊन थांबेन."

आबांचा मुलगा मास्तरचा लहानपणापासूनचा दोस्त. एकाच बाकावर बसून दोघं एकाच विषयात नापास झालेले. आता तो वेल्डर होता, फाट्यावर दुकान. बापाला घ्यायला संध्याकाळी यायचा आणि मास्तरला डिवचायचा, "काय मास्तर, आज किती पोरांनी तुला शिकवलं?"

"अकराच्या अकरा."

"मग तू पास होणार यंदा."

आणि मग वर्गात वस्तू हलायला लागल्या.

आधी खडू. टेबलावर ठेवला, फळा पुसून वळला, नाही. शोधला, तर खिडकीत. मग डस्टर. मग चप्पल. दाराशी काढलेली चप्पल फडताळाच्या मागं. मास्तरला वाटलं, विसरभोळेपणा. पण एक दिवस तो चावी शोधत होता. खिसा, टेबल, वही, परत खिसा. आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं, की खोलीत आवाज नाही. अकरा पोरं असलेल्या खोलीत आवाज नाही.

त्यानं मान वर केली. पोरं गोलात बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. हसत असती तर त्यानं एक ओरडा दिला असता. पण कुणीच हसत नव्हतं. तोंडं किंचित उघडी, डोळे त्याच्या हातांवर. तो टेबलाकडे गेला की डोळे टेबलाकडे. तो दाराकडे वळला की डोळे दाराकडे. चावी कुठं आहे त्यांना माहीत होतं. त्याला माहीत नाही हेही माहीत होतं. आणि तेच त्यांना बघायचं होतं.

गवंड्याची मुलगी हळूच, अगदी श्वासात म्हणाली, "चिंधी आली."

चावी निळ्या डब्यात होती. त्या दिवशी त्यानं वर्ग अर्धा तास आधी सोडला. ओलांडलेली पोरं तोवर सात झाली होती. राहिलेली चार नुसती बाकीच्यांकडे बघून गप्प बसत होती, त्यात रेडिओ एक.

रविवारी दुपारी घरच्या रानात जागे असे दोघंच होते, मास्तर आणि रेडिओ. दादा आणि वहिनी जेवण करून वरच्या कडेला, पुरातून वाचलेल्या झाडाच्या बुंध्याशी आडवे झाले होते. ऊन असं, की गाळाला चिरा पडताना आवाज येत होता. पलीकडे आबा. ठप्. ठप्.

रेडिओ चालू होती. मुंग्या, मुंग्यांची आई, मुंग्यांची शाळा. मग तिचं लक्ष आबांकडे गेलं आणि ती खिदळली.

"आबा वेडे. तिथं काय शोधतात? दगड तर ति…"

तिचा हात वर गेला होता. आबांच्या रानाच्या आत, डावीकडे कुठंतरी बोट वळलं होतं. आणि मध्येच ती थांबली. हात तसाच हवेत. तिनं आबांकडे बघितलं. आबांनी पहार उचलली, सोडली, कान दिला. तिनं परत बघितलं. तिच्या कपाळावर, त्या एवढ्याशा कपाळावर, एक बारीक आठी आली. मास्तरला ती आठी ठाऊक होती. सात पोरांच्या कपाळावर त्यानं ती बघितली होती.

हात हळूहळू खाली आला. तोंड मिटलं. ती मास्तरकडे वळली आणि त्याच्या आत बघितलं.

तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाटीवर बसून तिनं सगळं बघितलं असणार. सांगितलं का नाही? कारण सांगण्यासारखं त्यात काही होतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. तिला माहीत म्हणजे आबांना माहीत, मास्तरला माहीत, मुंग्यांना माहीत. आत्ता, ह्या घटकेला तिला कळलं, की हे तिचं एकटीचं आहे.

"चिंधी आली," ती पुटपुटली. आणि गप्प झाली.



दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी, पाट्या वाहताना, त्यानं विषय काढला.

"दादा, दगड कुठंय?"

दादाचं फावडं थांबलं नाही. "कुठला?"

"आता एकच उरलाय."

"रेडिओ लागला वाटतं."

"नाही. तिनं सांगितलं नाही. सांगता सांगता थांबली."

"मग तुला काय डब्यातून कळलं?" दादा हसला, पण फावडं थांबलं. त्यानं घाम पुसला, आबांच्या रिकाम्या रानाकडे बघितलं. आबा अजून आले नव्हते. "हे बघ. नदीनं माझं पंचवीस पावलं रान खाल्लं. पंचवीस! त्यांचं एक ढेकूळ हललं नाही. मी नऊ पावलं घेतली. नऊ. मोजून. गाळ ओला होता तोवर सरकवला. जास्त घेता आली असती."

"आबा रोज येतात, दादा. त्यांच्या हाताला फोड आलेत."

"माझ्या हाताला काय मेंदी लागलीय?"

वहिनी पाटी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "भावोजी, माझी कंबर काय गाळानं गेली वाटलं तुम्हाला? एका टोकाला मी होते त्या दगडाच्या. उचला पाटी, उन्हं चढली."

मास्तरनं पाटी उचलली. ह्याच घरात तो वाढला होता. आई गेल्यावर वहिनीनं त्याच्या शाळेच्या डब्यात कधी स्वतःच्या वाटणीचं घातलं होतं, ते त्याला खूप उशिरा कळलं होतं. पाटी नेहमीपेक्षा जड लागली. वर्गात गेल्यावर त्यानं रेडिओबरोबर डब्यांचा खेळ घेतला. विचारून व्हायच्या आत तिनं लालवर बोट ठेवलं आणि हात काढून घेतला, जणू डबा भाजत होता.

मोजणीदार बुधवारी आला. डोक्याला रुमाल, हातात साखळी, अंगात घाई. गावातली वीसेक माणसं गोळा झाली. दादा म्हणाला, "साहेब, तिथंही एकदा पहार मारून बघा." मारली. ठण्ण.

गाळ उपसला. दगड निघाला. आबा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "दगड हाच आहे. पण इथं नव्हता."

"मग काय पोहत आला?" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"इथं नव्हता," आबा म्हणाले. "तिथं होता. मी सांगतो ना."

मोजणीदार वैतागला. "मोठ्या माणसांचं ऐकायचं मी सोडून दिलंय, बाबा. जिथं जावं तिथं प्रत्येकाच्या बापानंच दगड बसवलेला असतो. मी आपला बारक्या पोराला विचारतो. दुधाचे दात पडले नाहीत तोवर पोर खोटं बोलत नाही. त्याला येतच नाही. आहे का कुणी?"

"रेडिओ!" चार जण एकदम म्हणाले. "तिच्या पोटात काही राहत नाही, साहेब. घरचीसुद्धा वाजवते."

वेल्डरही म्हणाला, "विचारा तिला. ती म्हणेल ते आम्हाला मान्य."

तिला पुढं आणली. मोजणीदार उकिडवा बसला. "पोरी, पूर यायच्या आधी ह्या दगडावर बसायचीस का तू?"

"हो. भाकरी खायला."

"तेव्हा दगड कुठं होता? बोट दाखव."

मास्तर चार हातांवर उभा होता. त्या वीस माणसांत फक्त त्यालाच माहीत होतं, की ही पोर आता ओलांडून पलीकडे गेलेली आहे. सोमवारची तारीख वहीत होती. त्यानं तोंड उघडलं. आतून हवा आली, शब्द आला नाही.

रेडिओनं दादाकडे बघितलं. वहिनीच्या कललेल्या कमरेकडे बघितलं. मग मास्तरकडे, बराच वेळ. एखादा माणूस विहिरीत वाकून पाणी किती खोल आहे ते बघतो, तशी. आणि तिला तळ दिसला असावा. हा बोलणार नाही, हे तिला कळलं.

"इथंच," ती म्हणाली आणि दगडाजवळ बोट रोवलं. आवाज स्वच्छ, नेहमीसारखाच.

"मिटलं," मोजणीदार म्हणाला.

आबा त्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातली पहार हळूच आडवी ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. "इथं?" ते म्हणाले. "असेल मग. पोर कशाला खोटं बोलेल? माझंच काहीतरी…" त्यांनी डोक्याला हात लावला आणि वाक्य सोडून दिलं.

त्या दिवसापासून घर गप्प झालं. रेडिओ जेवायची, खेळायची, झोपायची. बोलायची, पण मोजकं. कुणी काही विचारलं की आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची, त्याला किती माहीत आहे याचा अंदाज घ्यायची, मग उत्तर. वहिनी कौतुकानं शेजारणीला सांगत होती, "शहाणी झाली हो माझी बाई. एकदम मोठी झाली." पण रात्रीचं ताट वाढताना लेकीशी नजर भिडली की तीच पहिल्यांदा खाली बघायची. दादा तर पोरीकडे पाठ करून बसायला लागला.

एकदा मास्तरनं तिला एकटीला गाठलं. "का गं असं सांगितलंस?"

"कसं?" ती म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही. कोरी पाटी.

"दगडाचं."

ती जवळ आली, चिमुकल्या गार हातांनी त्याचे डोळे झाकले आणि कानाशी म्हणाली, "काका, तुला माहीत नाही. हां?" ती विचारत नव्हती. सांगत होती.

आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर फाट्यावर गेला. वेल्डर गेटच्या चौकटीला टाके मारत होता. मास्तर बाकड्यावर बसला. ठिणग्या संपल्या. वेल्डरनं मुखवटा वर केला.

"आज गाळ नाही?"

"आहे. आबा कसे आहेत?"

वेल्डरनं टाक्यावर जमलेली जळकी पपडी हातोडीनं उडवली. बराच वेळ उडवत होता, पपडी संपली तरी. "काल मला विचारत होते, माझी चप्पल कुठंय. पायात होती. म्हटलं, आबा, पायात आहे. तर म्हणतात, हो दिसतेय, पण म्हटलं विचारून घ्यावं." तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यात राहिलं. "अरे, दार कुठल्या बाजूला उघडतं तेसुद्धा विचारतात. माझ्या आईचं नाव बरोबर सांगितलं आणि मग मलाच विचारलं, बरोबर आहे ना रे? त्या दिवसापासून सुरू झालंय. म्हणतात, जो माणूस बापाचा दगड चुकतो त्याचं दुसरं काय खरं? डॉक्टर म्हणाले वय झालं. झालंच असेल. चार वर्षांचं पोर तर खोटं बोलणार नाही."

"बोलतं," मास्तर म्हणाला.

"काय?"

"चार वर्षांचं बोलतं. तिथूनच सुरू होतं. मी रोज बघतो. तिनं कधी ओलांडलं ते मला तारखेनिशी माहीत होतं, आणि मी तिथं उभा राहून गप्प बसलो."

मग त्यानं सगळं सांगितलं. नऊ पावलं, वहिनीची कंबर, रविवारचं ऊन, पोरीचा हवेत थांबलेला हात. वेल्डरनं मध्येच मुखवटा खाली ओढला. काम काहीच चालू नव्हतं. काळ्या काचेत मास्तरला आपलंच तोंड दिसत होतं, बारीक, वाकडं, आणि त्याच्या मागं काय चाललंय याचा काही अंदाज लागत नव्हता. आयुष्यभर ओळखीचा दोस्त, आणि काच मध्ये आल्यावर कुणीच नव्हता.

"दादा तुला घरात ठेवणार नाही," आतून आवाज आला.

"नाही ठेवणार."

"आणि पोर? लोक तिला उभी करतील परत. खोटारडी म्हणतील. जन्मभर म्हणतील."

"तिला कुणी काही विचारायचं नाही. ते तू बघायचं. तिचं नाव नाही निघालं पाहिजे. मला दादानं सांगितलं, एवढंच मी सांगणार. ते खोटं नाही."

"मोजणीदाराकडे कधी जातोस?"

"नंतर. आधी आबा."

वेल्डरनं मुखवटा काढला. डोळे लाल झाले होते, ते वेल्डिंगनं का कशानं, मास्तरनं बघितलं नाही. "तू त्या दिवशी पण तोंड उघडलं होतंस," तो म्हणाला. "मी बघत होतो. उघडलंस आणि मिटलंस. उद्या परत मिटलंस तर?"

मास्तर उठला.

"उद्या उजाडलं की मी तुझ्या घरी येतो. शाळेच्या आधी. आबांचा हात धरून त्यांना त्यांच्या जागेवर नेतो, दादाच्या डोळ्यांसमोर नेतो, आणि मोठ्यानं सांगतो, आबा, दगड इथंच होता, तुम्ही बरोबर होता, तुमचं डोकं शाबूत आहे. तू सोबत आलास तरी सांगतो, नाही आलास तरी सांगतो."